संसदेशिवाय अकरा वर्षं: पहिला चार्ल्स, जहाजपट्टी आणि सभापतींची खुर्ची

जुनीवही

२ मार्च १६२९. वेस्टमिन्स्टरला कॉमन्सची, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहाची, सभा भरलीय. सभापती सर जॉन फिंच उभे राहून सांगतात, राजाचा हुकूम आहे, सभा आठ दिवस तहकूब. एवढं बोलून ते खुर्ची सोडायला लागतात. सभापती खुर्चीत नाहीत म्हणजे सभाच नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तेवढ्यात डेन्झिल होल्स आणि बेंजामिन व्हॅलेंटाइन हे दोन सभासद पुढे होतात, दोन्हीकडून त्यांचे दंड धरतात आणि त्यांना खाली दाबून बसवतात. होल्स देवाची शपथ घालून म्हणतो, आम्हाला उठावंसं वाटेपर्यंत तुम्ही इथेच बसायचं. फिंच रडतात. दार आतून बंद आहे आणि बाहेर राजाचा माणूस थडथड वाजवतोय.

हा सगळा खटाटोप तीन ठराव मांडता यावेत म्हणून. ते सर जॉन एलियटने लिहून आणले होते, पण गोंधळात त्याने तो कागद शेकोटीत टाकून दिला होता. मग होल्सने आठवेल तसे ते म्हणून दाखवले. धर्मात पोपचं किंवा आर्मिनियन मताचं (प्रोटेस्टंटांतलाच एक पंथ, पण विरोधकांना तो पोपकडे झुकणारा वाटे) काही घुसवेल तो राज्याचा शत्रू. संसदेच्या मंजुरीविना जकात घ्यायचा सल्ला देईल तो राज्याचा शत्रू. आणि अशी जकात जो व्यापारी आपणहून भरेल तोही. सभा ‘हो, हो’ म्हणाली आणि स्वतःच उठली. आठ दिवसांनी चार्ल्सने संसद बरखास्त केली. त्या दिवशीच्या भाषणात त्याने या लोकांना विषारी साप म्हटलं.

पुढची संसद भरली १३ एप्रिल १६४० ला. मधल्या अकरा वर्षांत इंग्लंडचा राजा संसदेशिवाय राज्य करत होता, आणि त्यानंतर दोन-सव्वादोन वर्षांत देशात यादवी सुरू झाली.

आपल्याकडे पाठ्यपुस्तकात हा काळ एका ओळीत उरकतात: ‘चार्ल्स जुलमी होता, लोकांनी बंड केलं, त्याचं डोकं उडवलं.’ गेले तीन महिने मी या काळावरचं हाती लागेल ते वाचतेय आणि ती ओळ मला आता अपुरी वाटते. चार्ल्सने या अकरा वर्षांत उघडपणे कायदा मोडला असं फार कमी वेळा झालं. त्याने कायदे शोधून काढले. तीनशे वर्षांपूर्वीचे, धूळ खात पडलेले, पण रद्द न झालेले. लोकांची झोप उडाली ती यामुळे, असं माझं मत झालंय.

मूळ दुखणं पैशाचं होतं. नवा राजा आला की संसद त्याला आयात-निर्यातीवरची जकात, म्हणजे ‘टनेज अँड पाउंडेज’, जन्मभरासाठी देऊन टाकायची. पिढ्यान् पिढ्या तशी रीत होती. १६२५ मध्ये चार्ल्स गादीवर आला तेव्हा कॉमन्सने ती एकाच वर्षापुरती द्यायचं ठरवलं आणि तेही विधेयक वरच्या सभागृहात अडकलं. चार्ल्स जकात घेतच राहिला. स्पेनशी युद्ध, फ्रान्सशी युद्ध, दोन्हीकडे फजिती. सक्तीचं कर्ज, ते न देणाऱ्यांना तुरुंग. १६२८ मध्ये संसदेने त्याच्याकडून ‘पिटिशन ऑफ राइट’ मान्य करून घेतलं: संसदेच्या संमतीविना कर नाही, कारण न सांगता कैद नाही. राजाने मान्यता दिली आणि वर्षभरात वरचा प्रसंग घडला.

संसद नाही म्हणजे नवा कर नाही. नवा कर नाही म्हणजे युद्ध परवडत नाही. म्हणून त्याने १६२९ मध्ये फ्रान्सशी आणि १६३० मध्ये स्पेनशी तह केला आणि उत्पन्नाच्या जुन्या वाटा धुंडाळल्या. वर्षाला ४० पौंड उत्पन्नाची जमीन असणाऱ्याने राज्याभिषेकाला हजर राहून ‘नाइट’ व्हावं असा मध्ययुगीन नियम होता. तो कुणाच्या ध्यानातही नव्हता. चार्ल्सने गैरहजर राहिलेल्यांना दंड लावला आणि दीड लाख पौंडांहून जास्त गोळा केले. राजाच्या जंगलांच्या तीनशे वर्षांपूर्वीच्या हद्दी काढल्या. त्या हद्दींत आता गावं होती, शेतं होती. तिथल्या जमीनदारांना अतिक्रमणाचा दंड. आणि सगळ्यात मोठी म्हणजे ‘शिप मनी’. मी तिला जहाजपट्टी म्हणते, कारण घरपट्टी-पाणीपट्टीसारखीच ती गावोगाव आकारून वसूल होत होती.

जाणकारांनी भर घालावी. मला विशेषतः ही पट्टी न भरणाऱ्या हॅम्पडेनच्या खटल्याबद्दल वाचायचंय.

चौकसबाई

सुंदर सुरुवात. एक अगदी मूलभूत शंका. संसद न बोलावणं हाच गुन्हा नव्हता का?

जुनीवही

नाही ना! तेच तर. संसद बोलवायची, थांबवायची, बरखास्त करायची, हा सगळा राजाचा अधिकार. दरवर्षी संसद भरावी असे चौदाव्या शतकातले कायदे होते, पण ते कुणी पाळत नव्हतं. एलिझाबेथच्या ४५ वर्षांच्या कारकिर्दीत दहाच संसदा झाल्या. चार्ल्सच्या वडिलांनी १६१४ नंतर थेट १६२१ मध्ये बोलावली. त्यामुळे १६३२-३३ पर्यंत तरी लोकांना ‘संसद संपली’ असं वाटलं नसेल. लांबली असंच वाटलं असणार.

गणितवेडा

लेख आवडला, पण मी थोडी चार्ल्सची बाजू घेणार आहे. मनापासून घेतोय, वादासाठी वाद म्हणून नाही.

जहाजपट्टी ही कल्पना नवी नव्हती. युद्धाच्या वेळी बंदरांच्या शहरांकडून जहाजं किंवा त्यांचे पैसे मागायचा प्रघात होताच. अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे राजाचा मुख्य सरकारी वकील, विल्यम नॉयने जुनी दप्तरं काढून तो पुन्हा मांडला. ऑक्टोबर १६३४ मध्ये पहिले हुकूम निघाले ते फक्त किनाऱ्यावरच्या गावांना. त्याच्या आधीच, ऑगस्टमध्ये, नॉय वारला होता. पुढच्या वर्षी मात्र समुद्र ज्यांनी जन्मात पाहिला नाही अशा आतल्या परगण्यांनाही हुकूम गेला. मागणी साधारण दोन लाख पौंडांची.

आता वसुली बघा. १६३५, ३६, ३७ या तिन्ही वर्षांच्या मागणीपैकी शंभरातले नव्वदहून जास्त पौंड जमा झाले. त्या शतकात एवढी वसुली हे आश्चर्यच आहे. आणि तो पैसा खरोखर आरमारावर लागला. १६३७ मध्ये ‘सॉव्हरिन ऑफ द सीज’ हे शंभरावर तोफांचं जहाज पाण्यात उतरलं, त्याचा खर्च ६५ हजार पौंडांच्या घरात. आरमाराची गरजही होती. जून १६३१ मध्ये अल्जीअर्सच्या चाच्यांनी आयर्लंडमधलं बाल्टिमोर हे अख्खं गाव एका रात्रीत लुटलं आणि शंभरावर बायामाणसं-पोरं गुलाम म्हणून नेली. ज्यांच्या किनाऱ्यावर हे होतंय, त्यांच्या राजाने जहाजं बांधायची नाहीत तर काय करायचं?

त्याच सुमाराला जर्मन मुलखात तीस वर्षांचं युद्ध पेटलेलं होतं, गावंच्या गावं ओस पडत होती. इंग्लंडात शांतता होती. खडं सैन्य नाही, कर शेजारच्या देशांच्या मानाने हलके. मला तर वाटतं, स्कॉटलंडची भानगड केली नसती तर चार्ल्सने आणखी दहा वर्षं सहज काढली असती.

निकालपत्र

गणितवेडा, आकडे बरोबर आहेत, पण पैसे भरले म्हणजे पटलं असं होत नाही. वसुलीची जबाबदारी परगण्याच्या शेरीफवर, म्हणजे राजाने नेमलेल्या अधिकाऱ्यावर, होती. कमी पडले तर त्याला जाब द्यावा लागायचा, प्रसंगी स्वतःच्या पदरचे घालावे लागायचे. त्यामुळे तो जीव तोडून वसुली करणारच.

जुनीवही, तुम्ही हॅम्पडेनचं विचारलंत. मी पेशाने वकील, आणि हा खटला मी पुन्हा पुन्हा वाचलाय. सविस्तर लिहितो.

जॉन हॅम्पडेन हा बकिंगहॅमशरमधला श्रीमंत जमीनदार. स्टोक मँडव्हिल इथल्या जमिनीवर त्याला २० शिलिंग, म्हणजे एक पौंड, आकारणी झाली. त्याने भरली नाही. रक्कम त्याच्यासाठी किरकोळ होती. मुद्दा कोर्टात यावा एवढ्यासाठी ती राखली गेली. नोव्हेंबर १६३७ मध्ये एक्सचेकर चेंबर या वरिष्ठ न्यायालयात बारा न्यायाधीशांपुढे सुनावणी सुरू झाली.

त्याआधी काय झालं ते लक्षात घ्या. फेब्रुवारी १६३७ मध्ये राजाने याच बारा जणांना खाजगीत लेखी प्रश्न विचारला होता: राज्याला धोका असेल तर मी सगळ्या प्रजेला जहाजं द्यायला लावू शकतो ना, आणि धोका आहे की नाही हे ठरवणारा मीच ना? बाराही जणांनी ‘होय’ लिहून सह्या केल्या. क्रोक आणि हटन या दोघांना ते पटलेलं नव्हतं. बहुमताचा मान म्हणून त्यांनी सही केली. म्हणजे खटला सुरू व्हायच्या आधीच न्यायाधीशांचं मत कागदावर होतं आणि तो कागद राजाच्या हातात होता. वकील म्हणून हे वाचताना आजही माझ्या पोटात गोळा येतो.

हॅम्पडेनतर्फे ऑलिव्हर सेंट जॉन उभा राहिला. तो किती शहाणपणाने बोलला बघा. संकटात राजाला अधिकार नाही, असं तो म्हणालाच नाही. शत्रू दारात आला तर राजाने हवं ते करावं, हे त्याने मान्य केलं. मग त्याने हुकमाची तारीख दाखवली. हुकूम ऑगस्ट १६३५ चा. जहाजं हजर करायची मुदत १ मार्च १६३६. मध्ये सात महिने. संसद बोलवायला चाळीस दिवस पुरतात. ज्या संकटाला सात महिन्यांची सवड आहे, त्यासाठी संसद का नाही?

या युक्तिवादाला राजाच्या बाजूकडे सरळ उत्तर नव्हतं. त्यांनी उत्तर दिलं ते अधिकाराच्या भाषेत. न्यायाधीश बर्कली म्हणाला, कायदा हाच राजा असं मी कधी वाचलं-ऐकलं नाही, राजा हाच कायदा हे मात्र सर्वमान्य सत्य आहे. आणि मुख्य न्यायाधीशांपैकी एकाने सांगितलं की राज्याच्या रक्षणाचा राजाचा अधिकार संसदेचा कुठलाही कायदा काढून घेऊ शकत नाही. तसा कायदा केला तरी तो पोकळ.

हा मुख्य न्यायाधीश कोण माहीत आहे? सर जॉन फिंच. खुर्चीत दाबून बसवलेला तोच.

जून १६३८ पर्यंत निकाल पूर्ण झाला. सात राजाच्या बाजूने, पाच हॅम्पडेनच्या. त्या पाचांतल्या दोघांनी तांत्रिक मुद्द्यावर मत दिलं होतं, पण बाहेर लोकांनी ‘सात-पाच’ एवढंच ऐकलं. राजानेच नेमलेल्या आणि राजालाच काढता येणाऱ्या बारा जणांतले पाच जण ‘नाही’ म्हणाले! क्रोकबद्दल असं सांगतात की तो राजाच्या बाजूने जायच्या बेतात होता. तेव्हा त्याची बायको त्याला म्हणाली, तुमच्या मनाविरुद्ध काही करू नका, त्यापायी दारिद्र्य आलं तर मी तुमच्यासोबत सोसेन.

खटला राजाने जिंकला. पण फिंचच्या निकालाने प्रश्न एका पौंडापुरता राहिला नाही. संसदेने उद्या काहीही कायदा केला तरी राजा ‘संकट आहे’ म्हणेल आणि तो बाजूला ठेवेल, हे आता न्यायालयाच्या तोंडून आलं होतं. जुनीवहींचा मुद्दा मला इथेच पटतो. राजा कायद्याने चालत होता, आणि कायद्यात आता प्रजेला पाय टेकायला जागा उरली नव्हती.

थेम्सकाठी

निकालपत्र, काय लिहिलंय! मी गेली काही वर्षं बकिंगहॅमशरमध्येच राहतो, तेव्हा स्थानिक भर.

एल्सबरीच्या बाजारचौकात हॅम्पडेनचा पुतळा आहे. मी त्याच्या पायथ्याशी बसून कितीदा सँडविच खाल्लंय, तो कोण हे मात्र बऱ्याच उशिरा कळलं. तिथून थोड्या अंतरावर चिल्टर्न टेकड्यांच्या पायथ्याला ग्रेट किंबल नावाचं छोटंसं गाव आहे. जानेवारी १६३६ मध्ये तिथल्या पट्टी न भरणाऱ्यांची यादी तयार झाली. यादीत पहिलं नाव हॅम्पडेनचं, ३१ शिलिंग ६ पेन्स. ही स्टोक मँडव्हिलच्या वीस शिलिंगांहून वेगळी. त्याच्या खाली गावातले साधे लोक, कुणाकडे काही शिलिंग, कुणाकडे काही पेन्स. आणि शेवटी, ज्यांनी आकारणी करायची होती आणि ज्यांनी वसुली करायची होती, त्यांचीही नावं ‘भरलं नाही’ म्हणून. यादी करणारेच यादीत.

एकदा नोव्हेंबरात तिथे गेलो होतो. रस्त्याकडेला चर्च, ओल्या गवतात जुने दगड, मागे टेकडी. पाऊस लागला म्हणून चर्चच्या देवडीत उभा राहिलो. काही पेन्स थकवणारा तो माणूस पुढे काय झाला असेल, हाच विचार तेवढा वेळ डोक्यात होता. हॅम्पडेनकडे वकील होते. याच्याकडे गाय असेल फार तर.

गणितवेडा

थेम्सकाठी, गायीवरून आठवलं. थकबाकीदारांची गुरं जप्त व्हायची. नंतर नंतर असं व्हायला लागलं की जप्त केलेली गाय लिलावात कुणी घेईचना. शेजाऱ्याची गाय कोण विकत घेणार? शेरीफच्या गळ्यात जनावर, चारा त्याच्याच खर्चाने. १६३९ च्या मागणीपैकी जेमतेम पाचवा हिस्सा वसूल झाला. हे माझ्याच वरच्या मताविरुद्ध जातं, पण आकडा आहे तो आहे. निकालपत्र यांचा प्रतिसाद वाचून मी थोडा हललो आहे.

पाटावरवंटा

तुम्ही सगळे जहाजात अडकलात, साबणाचं कुणी बोललंच नाही!

१६२४ च्या कायद्याने एकेका व्यक्तीला मक्तेदारी द्यायला बंदी होती. मंडळ्यांना, म्हणजे व्यापारी कंपन्यांना, सूट होती. त्या फटीतून चार्ल्सने वेस्टमिन्स्टरच्या एका नव्या मंडळीला साबणाचा मक्ता दिला. दर टनामागे राजाला ठरलेली रक्कम. लंडनचे जुने साबणवाले माशाचं, म्हणजे व्हेलचं तेल वापरायचे, ते बंद. ज्यांनी ऐकलं नाही त्यांना स्टार चेंबर या राजाच्या न्यायालयात खेचून दंड-कैद. नव्या मंडळीत काही कॅथलिक होते, म्हणून लोक त्याला ‘पोपचा साबण’ म्हणायला लागले. हाताला फोड येतात, कपडे विरतात अशी ओरड झाली.

मग १६३३ च्या डिसेंबरात गिल्डहॉलमध्ये चक्क जाहीर परीक्षा ठेवली. लॉर्ड मेयर आणि मोठमोठी मंडळी बसलेली, समोर दोन धोबिणी, एकीकडे नवा साबण, दुसरीकडे जुना. निकाल अर्थातच नव्या साबणाच्या बाजूने जाहीर झाला. बायकांनी तरीही जुनाच चोरून घ्यायचा तो घेतला.

मला हे महत्त्वाचं वाटतं. खुर्ची, खटला, निकाल हे मोठ्यांचं. पण लंडनच्या गल्लीतल्या बाईला राजा भेटला तो धुण्याच्या बादलीत. तिला पिटिशन ऑफ राइट ठाऊक नसेल, महाग आणि वाईट साबण ठाऊक होता.

चौकसबाई

पाटावरवंटा, हे मला अजिबात माहीत नव्हतं! बरं, स्टार चेंबर म्हणजे नक्की काय? आणि कान कापल्याची गोष्ट याच काळातली ना?

जुनीवही

पाटावरवंटा, खूप आभार. माझ्या लेखात हे असायला हवं होतं.

चौकसबाई, स्टार चेंबर हे राजाच्या सल्लागार मंडळातले लोक आणि न्यायाधीश यांचं न्यायालय. ज्यूरी नाही. देहदंड देता येत नव्हता, बाकी दंड, कैद, खोडा सगळं देता यायचं. आधीच्या काळात ते लोकप्रिय होतं, कारण बड्या धेंडांना तिथे वठणीवर आणता यायचं.

कानांची गोष्ट ३० जून १६३७ ची. विल्यम प्रिन हा वकील, हेन्री बर्टन हा धर्मोपदेशक आणि जॉन बॅस्टविक हा वैद्य, तिघेही सुशिक्षित, प्रतिष्ठित. बिशपांवर जहाल लिहिलं म्हणून प्रत्येकी ५,००० पौंड दंड, जन्मठेप, आणि खोड्यात उभं करून कान कापायचे. प्रिनचे कान १६३४ मध्ये एकदा कापून झाले होते. आता उरलेली बुडखी कापली आणि दोन्ही गालांवर ‘एस’ आणि ‘एल’ अशी डागणी दिली, ‘सेडिशस लायबेलर’, राजद्रोही निंदक. प्रिन म्हणाला, ही तर लॉडच्या कीर्तीची खूण. विल्यम लॉड, कँटरबरीचा आर्चबिशप, या सगळ्यामागचा माणूस. राजाला अद्दल घडवायची होती, पण जमलेल्या लोकांनी त्यांच्या वाटेवर फुलं-पाला अंथरला आणि रक्त रुमालांनी टिपून घेतलं.

लॉडला चर्चमध्ये शिस्त हवी होती. चर्चच्या मधोमध असलेलं प्रभुभोजनाचं मेज पूर्वेच्या भिंतीला लावून त्याला कठडा करायचा, पाद्र्याने झगे घालायचे. आपल्याला वाटेल, कठड्यासाठी एवढं काय? पण त्यांच्या आजोबांच्या पिढीने कॅथलिक रीत टाकताना रक्त सांडलं होतं. राणी हेन्रिएटा मारिया कॅथलिक, तिच्यासाठी राजवाड्यात कॅथलिक प्रार्थना चालायच्या. लोक दोन आणि दोन चार करत होते. चुकत होते, चार्ल्स स्वतः कधीच कॅथलिक होणार नव्हता. पण हे त्याला विचारायची आणि त्याने ते स्पष्ट सांगायची जी जागा होती, तिचं दार त्याने स्वतःच बंद केलं होतं.

बंदरावरचा

गोव्याहून लिहितोय. या अकरा वर्षांचा धागा आमच्या किनाऱ्यापर्यंत आलेला आहे.

ईस्ट इंडिया कंपनीकडे पूर्वेच्या व्यापाराची सनद होती. तरी डिसेंबर १६३५ मध्ये चार्ल्सने सर विल्यम कोर्टीनच्या मंडळीला इकडे यायची परवानगी दिली. त्यात राजाच्या नावावर १०,००० पौंडांचा वाटा होता, खिशातून काही न घालता. कॅप्टन जॉन वेडेल जहाजं घेऊन निघाला आणि १६३६ च्या अखेरीला गोव्यात पोचला. पुढे या मंडळीने भटकळ, कारवार, राजापूर इथे व्यापार मांडला. आपल्याच राजाने दिलेल्या सनदेत आपलाच राजा दुसरा भागीदार घुसवतो, हे पाहून कंपनीची काय अवस्था झाली असेल!

आणि मिरीची गोष्ट ऐका. ऑगस्ट १६४० मध्ये स्कॉट सैन्य अंगावर येतंय, तिजोरीत खडखडाट. चार्ल्सने कंपनीची लंडनच्या वखारीतली सगळी मिरी उधारीवर उचलली. ६,०७,५२२ रत्तल, दर रत्तलाला २ शिलिंग १ पेनी, एकूण ६३,२८३ पौंड. ती लगेच १ शिलिंग ८ पेन्स दराने रोख विकली, हातात आले ५०,६२६ पौंड. साडेबारा हजारांचा तोटा सोसून रोकड उभी केली. कंपनीचे पैसे त्यात अडकले ते अडकलेच.

माझे आजोबा मसाल्याचे व्यापारी होते. उधार घेऊन पडत्या भावाने रोख विकणारा गिऱ्हाईक दिसला की पुढे त्याला माल द्यायचा नाही, हा त्यांचा नियम. मला हा हिशेब वाचताना ते आठवले.

निकालपत्र

बंदरावरचा, अप्रतिम. आणि त्याच उन्हाळ्यात चार्ल्सने लंडन टॉवरच्या टांकसाळीत ठेवलेली व्यापाऱ्यांची चांदी अडवून धरली होती. संसदेविना उभा राहिलेला पैसा संपला की काय उरतं, ते या दोन महिन्यांत दिसतं.

माळरान

वाचनखूण साठवली. स्कॉटलंडचं कुणीतरी लिहा ना.

जुनीवही

माळरान, थोडक्यात लिहिते, कारण तो वेगळ्या धाग्याचा ऐवज आहे.

चार्ल्स स्कॉटलंडचाही राजा होता. तिथे त्याने इंग्लंडच्या धर्तीवरचं नवं प्रार्थनापुस्तक पाठवलं, तिथल्या संसदेला किंवा धर्मसभेला न विचारता. २३ जुलै १६३७ ला एडिंबरोच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये ते वाचायला सुरुवात होताच बायकांनी बसायची घडवंची फेकून मारली. परंपरा त्यातल्या एकीचं नाव जेनी गेडीस असं सांगते. फेब्रुवारी १६३८ मध्ये लोकांनी ‘नॅशनल कव्हेनंट’ वर, म्हणजे आपला धर्म राखायच्या प्रतिज्ञापत्रावर, सह्या केल्या. १६३९ मध्ये चार्ल्स सैन्य घेऊन गेला आणि न लढताच तह करून परतला.

मग आयर्लंडहून वेंटवर्थला बोलावलं. यॉर्कशरचा हा माणूस १६२८ मध्ये संसदेच्या बाजूने गाजला होता, नंतर राजाचा सगळ्यात करडा कारभारी झाला. त्याने सल्ला दिला, संसद बोलवा. १३ एप्रिल १६४० ला ती भरली. राजाने युद्धासाठी पैसे मागितले, जहाजपट्टी सोडायची तयारीही दाखवली. पण त्या बाकांवर अकरा वर्षं साठलेलं घेऊन लोक आले होते. जॉन पिमने दोन तास उभं राहून एकेक तक्रार वाचली: जकात, नाइटपदाचे दंड, मक्ते, जंगलं, जहाजपट्टी, कठडे. तीन आठवड्यांत, ५ मे ला, राजाने तीही संसद मोडली.

२८ ऑगस्टला न्यूबर्नला स्कॉटांनी इंग्रज सैन्याचा पराभव केला आणि न्यूकॅसल घेतलं. तहात असं ठरलं की कायमचा करार होईपर्यंत त्यांच्या सैन्याला रोज ८५० पौंड द्यायचे. तेवढा पैसा संसदेशिवाय येणं शक्यच नव्हतं. ३ नोव्हेंबरला नवी संसद भरली आणि आता तिला मोडायची सोय राहिली नव्हती.

गणितवेडा, तुम्ही म्हणालात स्कॉटलंड नसतं तर दहा वर्षं निघाली असती. मी यावर खूप विचार केला. स्कॉटलंडमध्ये त्याने जे केलं ते इंग्लंडमध्ये लागलेल्या सवयीनेच केलं. आठ वर्षं कुणी समोर उभं राहून ‘हे चालणार नाही’ म्हणालं नव्हतं.

गणितवेडा

हे मान्य. ‘सवय’ हा शब्द पटला.

थेम्सकाठी

एक छोटी शंका. माझ्याकडच्या एका जुन्या पुस्तकात खुर्चीचा प्रसंग मार्च १६२८ चा दिलाय. छापायची चूक?

निकालपत्र

चूक नाही. तेव्हा इंग्लंडात नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे २ मार्च त्यांच्या लेखी १६२८ मध्येच येतो.

चौकसबाई

त्या एलियटचं काय झालं? त्याचे ठराव होते ना?

जुनीवही

एलियट टॉवरच्या कैदेत राहिला. माफी मागितली असती तर सुटला असता, पण सभागृहात बोललेल्याचा जाब फक्त सभागृह विचारू शकतं, हे त्याचं म्हणणं. त्याला क्षय झाला. नोव्हेंबर १६३२ मध्ये तो तिथेच वारला. मुलाने अर्ज केला, वडिलांचा देह कॉर्नवॉलला आमच्या गावी नेऊ द्या. चार्ल्सने त्यावर लिहिलं: सर जॉन एलियट ज्या पॅरिशमध्ये मेला तिथल्याच चर्चमध्ये त्याला पुरावं.

हे वाचल्यापासून मी चार्ल्सबद्दल तटस्थ राहू शकत नाही. शांत, सुसंस्कृत, चित्रांचा एवढा दर्दी राजा. आणि मेलेल्या माणसावर हा राग.

त्याच्याबरोबर पकडलेले व्हॅलेंटाइन आणि विल्यम स्ट्रोड १६४० पर्यंत कैदेत होते. होल्स लवकर सुटला. ४ जानेवारी १६४२ ला चार्ल्स शिपाई घेऊन स्वतः कॉमन्समध्ये शिरला, ते पाच सभासदांना पकडायला. पिम, हॅम्पडेन, हेझलरिग, आणि उरलेले दोघे होल्स आणि स्ट्रोड. चार्ल्स सभापती लेंथॉलजवळ गेला आणि म्हणाला, तुमची खुर्ची थोडा वेळ वापरतो. पाचही जण आधीच नदीवाटे निसटले होते. कुठे आहेत विचारल्यावर लेंथॉल गुडघे टेकून म्हणाला, हे सभागृह सांगेल त्याखेरीज मला इथे बघायला डोळे नाहीत आणि बोलायला जीभ नाही.

तेरा वर्षांपूर्वी त्याच जागी बसलेला सभापती राजाचा हुकूम पाळता येत नाही म्हणून रडला होता.

चौकसबाई

अंगावर काटा आला. आणि फिंच?

निकालपत्र

जानेवारी १६४० मध्ये त्याला राजाने लॉर्ड कीपर, म्हणजे राजमुद्रा सांभाळणारा मुख्य न्यायाधिकारी, केलं. डिसेंबरात कॉमन्सने त्याच्यावर महाभियोग आणला तेव्हा तो हॉलंडला पळाला. राजेशाही परत आल्यावर इंग्लंडात आला. ऑक्टोबर १६६० मध्ये चार्ल्सला मृत्युदंड देणाऱ्यांवर खटला चालला, त्या न्यायमंडळात त्याचं नाव आहे. वय झालं होतं, त्याच वर्षी वारला.

त्याच न्यायमंडळात आणखी एक नाव आहे. डेन्झिल होल्स.